वकील कशाला द्यायचा?

"वकील दिला म्हणजे आपणच चोरी केली असं की ओ झालं, ताई."

पावसाळ्याच्या तोंडाला ऐकलेलं हे वाक्य अजून डोक्यातून जात नाही. बोलणारा माणूस तासगावकडचा, साठीच्या पुढचा, टोपी हातात घेऊन उभा. सोबत पुतण्या. सांगलीत विजयनगरला कोर्टाजवळ माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. वकीलपत्रं, प्रतिज्ञापत्रं, जामिनाचे अर्ज, निकालांच्या प्रती, दिवसभर हेच. पुतण्यानं शर्टाच्या खिशातून पोलिसांची नोटीस काढून दिली. छापील नमुना, मधल्या मोकळ्या जागा निळ्या बॉलपेननं भरलेल्या. गु.र.नं., कलम, नाव, वय, राहणार, आणि खाली 'तपासकामी समक्ष हजर राहावे'. इतक्या वेळा उघडून पुन्हा घडी घातलेली की कागद घडीवर कापडासारखा मऊ पडला होता. काचेवर ठेवून प्रत काढली तर ती घडी काळी रेघ होऊन नेमकी त्याच्या नावावरून गेली. मी कागद नीट दाबून दुसरी प्रत काढली. पोरगा बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला रात्रपाळीला होता. रजिस्टरचा आणि मालाचा मेळ बसेना, बॉक्स कमी भरले, आणि रात्रपाळीच्या सगळ्या पोरांची नावं संशयित म्हणून फिर्यादीत आली. मी म्हटलं, "काका, ठाण्यात जायच्या आधी हे एकदा वकिलाला दाखवा." त्यावर वरचं वाक्य आलं. पाठोपाठ, "कर नाही त्याला डर कशाला? जायचं, खरं काय ते सांगायचं, मोकळं व्हायचं." पुतण्या गप्प होता. पैसे देताना त्यानं एवढंच विचारलं, "ताई, भरतीला अडचण येईल का ओ?" तेव्हा त्याच्या बुटांकडं माझं लक्ष गेलं. कडांना मैदानाची लाल माती. रात्री कोल्ड स्टोरेज आणि पहाटे सोळाशे मीटर. पोलीस भरतीचा पोरगा होता.

चुलत्याची चीड आली नाही मला. आपल्याकडं दिवाणी दाव्याला वकील देण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. बांधावरच्या दोन फुटांसाठी, विहिरीच्या पाळीसाठी, वाटणीत राहिलेल्या एका आंब्याच्या झाडासाठी माणसं वकील देतात आणि 'आमचा दावा चालू आहे' हे पाव्हण्यारावळ्यांत बसून मोठ्यानं सांगतात. आजोबांनी लावलेल्या दाव्याच्या तारखेला नातू येतो, डबा घेऊन येतो, संध्याकाळी पुढची तारीख घेऊन जातो, आणि त्याला कुणी नावं ठेवत नाही. तोच माणूस घरातल्या पोरावर चोरीचा आळ आला की वकिलाची पायरी चढायला लाजतो. कुणी बघितलं तर? ठाण्यातल्या साहेबांना कळलं तर ते काय म्हणतील? जमिनीच्या वादात समोर भाऊबंद असतो, त्याच्या तोडीस तोड उभं राहणं ही इज्जत वाटते. फौजदारीत समोर सरकार असतं, आणि सरकारसमोर आपण एकट्यानं, मान खाली घालून, हात जोडून उभं राहावं अशी आपली कित्येक पिढ्यांची सवय. खरं असेल तर ते आपोआप उजेडात येईल, असा विश्वासही त्यात असतो. तो विश्वास खोटा म्हणायला माझी जीभ वळत नाही. पण खरं आपोआप उजेडात आलेलं मी कोर्टाच्या आवारात फार कमी वेळा पाहिलंय. कुणीतरी कागद गोळा करावे लागतात, तारखा लावाव्या लागतात, नेमक्या वेळी नेमकं बोलावं लागतं.

निर्दोष माणूस जास्त बोलतो. हे माझं दुकानातलं निरीक्षण. ज्यानं काही केलेलं नाही तो अर्ज सांगायला बसला की थांबत नाही. "साहेब, मी त्या रात्री साडेनऊला जेवलो, दहाला झोपलो, माझा त्या माणसाशी काडीचा संबंध नाही." मग कळतं की जेवण साडेदहाला झालं होतं, त्या माणसाला महिन्यापूर्वी एक फोनही केला होता, ट्रॅक्टरच्या भाड्यासाठी. विसरला बिचारा. घाबरलेल्या माणसाला वेळा आठवत नाहीत, तो त्या भरून काढतो. पण एकदा बोललेलं पुढं फिरतं, फोनच्या नोंदी निघतात, आणि त्या एका तासाच्या फरकाला 'खोटं सांगितलं' असं नाव पडतं. म्हणून संविधानाच्या कलम २०(३) मध्ये आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येणार नाही असं लिहून ठेवलंय. पोलिसांपुढं दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही; पूर्वी पुरावा कायद्याचं कलम २५ होतं, १ जुलै २०२४ पासून साक्ष अधिनियमाचं २३ आहे. मात्र त्या बोलण्यातून एखादी वस्तू काढून दिली गेली, तर तेवढा भाग पुराव्यात येतो. तपासात दिलेल्या जबाबावर सही घ्यायची नाही, असंही कायदाच सांगतो. आणि तरी लोक सह्या करून येतात. कोऱ्या कागदावरसुद्धा. विचारलं तर म्हणतात, साहेब चांगले होते, सही कर म्हणाले, नाही कसं म्हणायचं.

गप्प राहणं म्हणजे पळणं नव्हे, हे मात्र त्या चुलत्याला मी समजावत राहिले. नोटीस मिळाली तर त्या दिवशी, त्या वेळी हजर राहायचंच. ही भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलमावरून आमच्याकडं अजून सगळे सवयीनं 'एक्केचाळीस अ' म्हणतात. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात उठसूट अटक करू नये, आधी नोटीस द्यावी, अटक करायची तर कारणं लिहून ठेवावीत, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये अर्नेश कुमारच्या निकालात बजावलं. नोकरानं मालकाच्या मालाची चोरी करणं हा गुन्हाही त्याच मर्यादेत येतो. नोटिशीप्रमाणे हजर होणाऱ्याला सहजासहजी अटक करता येत नाही. न जाणाऱ्याला करता येते. घाबरून पोरगं पुण्याला मावशीकडं पाठवणारे आईबाप ते पोरगं स्वतःच्या हातानं अडकवतात. नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून भागत नाही, हेही २०२५ मध्ये स्पष्ट झालंय. पण मोबाईलवर आलेल्या कागदाकडं डोळेझाक करा असं मी कुणाला सांगणार नाही. तो घेऊन वकिलाकडं जा एवढंच सांगेन.

पोरगा त्याच संध्याकाळी एकटा परत आला.

चुलत्याला न सांगता आला होता. आमच्या ओळीत वर एक वकीलबाई बसतात, त्यांच्याकडं मी त्याला नेलं. त्यांनी नोटीस वाचली, मग त्याला बोलायला लावायच्या आधी विचारलं, "त्या रात्रींचं तुझ्याजवळ काय काय आहे?" तो गोंधळला. हळूहळू एकेक निघत गेलं. हजेरीच्या मस्टरवरची सही. दोन रात्री तो सुट्टीवर होता, चुलत बहिणीच्या लग्नाला, तिथले फोटो. एके पहाटे मिरज स्टँडवर चहाचे पैसे फोनवरून दिल्याची नोंद. बाईंनी तारखांप्रमाणे यादी करायला लावली, मी ती टाईप केली. कोल्ड स्टोरेजच्या कॅमेऱ्यांचं जुनं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून ते जपून ठेवावं असा अर्ज तपासी अंमलदारांच्या नावे त्याच रात्री तयार झाला. मग दटावून सांगितलं की फोनमधलं काहीही पुसायचं नाही, पोरांच्या ग्रुपवर या विषयावर एक अक्षर लिहायचं नाही, मालकाच्या घरी जाऊन रडायचं नाही. तो म्हणाला, "मॅडम, मालक चांगला माणूस आहे, त्याच्या पाया पडलो तर?" बाई म्हणाल्या, "पाया पडलास तर त्याला वाटेल केलं असशील म्हणून पडतोयस." मला ते ऐकायला कठीण गेलं. चांगल्या माणसाजवळ जाऊन मन मोकळं करावं, ही किती सरळ इच्छा. पण आळ आला की ती इच्छासुद्धा वकिलाला विचारून पुरी करावी लागते. ठरल्या दिवशी बाई त्याच्याबरोबर गेल्या, कागद दिले, दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. तपासी अंमलदार सरळ माणूस निघाला, त्यानं पोराला खुर्ची दिली. सगळीकडं असं होत नाही, म्हणून तेही लिहिलं पाहिजे.

चुलत्याचा दुसरा मार्ग तयार होताच. गावच्या पुढाऱ्याचा फोन. सांगली-साताऱ्यात कारखाना, सोसायटी, बँक, दूध संघ यांतून कुणी ना कुणी ओळखीचा असतो, तो 'साहेबांशी बोलतो' म्हणतो, आणि घरच्यांच्या जिवात जीव येतो. मिटवून टाकू. फिर्याद मागे घ्यायला लावू. यात कुणाकुणाचे हात ओले होतात ते मी बघते. पैसे देऊन झाल्यावर कळतं की दखलपात्र गुन्हा एकदा दाखल झाला की फिर्यादी ठाण्यात जाऊन 'नको' म्हणाला म्हणून नोंद पुसली जात नाही. तपास होऊन अहवाल कोर्टात जावा लागतो, किंवा गुन्हा रद्द करायला उच्च न्यायालय गाठावं लागतं. आणि दिलेल्या पैशांचा अर्थ उद्या दोषाची कबुली असाही लावला जातो. उच्च न्यायालय म्हणजे आजवर मुंबईची वारी होती, रात्रीची गाडी आणि कुणाच्या तरी चाळीतला मुक्काम. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, तेव्हापासून साताऱ्याच्या आणि आमच्या माणसांना सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येतं. गरिबाच्या दृष्टीनं ही गोष्ट फार मोठी आहे.

माझी आजी वाळवा तालुक्यातली. तो भाग तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. बेचाळीसनंतरच्या भूमिगतांच्या दिवसांत तिच्या सासऱ्यांच्या नावानं वॉरंट निघालेलं. घरात पोलीस आले, कणगीत संगिनी खुपसून बघितल्या, ज्वारी अंगणभर झाली. ती हे सांगायची तेव्हा तिचा चेहरा उजळायचा. वॉरंट म्हणजे मान. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटील सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले, गोळी लागली, आणि इंग्रजांच्या लेखी असलेला हा गुन्हेगार पुढं राज्याचा मुख्यमंत्री झाला. नाना पाटलांच्या प्रतिसरकारची न्यायमंडळं झटपट निकाल द्यायची, सावकाराला आणि गुंडाला जरब बसली, हे आजी अभिमानानं सांगायची आणि त्यात खोटं काही नव्हतं. मी एकदा विचारलं, "आजी, ज्याच्यावर आळ असायचा त्याच्या बाजूनं कोण बोलायचं?" ती म्हणाली, "गाव बोलायचं की." तिला ते उत्तर पुरेसं होतं. मला पुरलं नाही, कारण त्याच गावाच्या शिवेबाहेर पालं होती. १८७१ साली इंग्रजांनी केलेला गुन्हेगार जमाती कायदा पुढं मुंबई इलाख्यातही आला, आणि पारधी, कैकाडी, रामोशी अशा कित्येकांच्या घरात मूल जन्मलं की ते गुन्हेगार म्हणूनच जन्मायचं. हजेरी लावायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला. पण माझ्या लहानपणीही गावात कोंबडी हरवली तरी पहिली जीप पालांकडंच वळायची. त्यांच्या बाजूनं गाव बोललेलं मी पाहिलं नाही. आजीच्या घरच्या वॉरंटचे पोवाडे झाले. पालावरच्या माणसाची रात्रभर झालेली चौकशी कुणाला आठवतही नाही.

अटक झालीच, तर पहिले चोवीस तास सगळ्यात जड. संविधानाच्या कलम २२ मधला नियम आहे, प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं केलंच पाहिजे. अटकेचं कारण सांगायचं, घरच्या माणसाला कळवायचं, डॉक्टरांकडून तपासणी करायची. चौकशी चालू असताना वकिलाला भेटता येतं; वकील पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नाही, पण भेट नाकारता येत नाही. बाईमाणसाला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी, अपवाद सोडला तर, अटक करता येत नाही. हे सगळं पाठ असून उपयोग नाही, जर रिमांडला, म्हणजे कोठडीच्या मागणीसाठी मॅजिस्ट्रेटसमोर, उभं राहिल्यावर तोंड उघडलं नाही. मी प्रती द्यायला कोर्टात जाते तेव्हा पाहते. मॅजिस्ट्रेट मान वर करून विचारतात, "पोलिसांबद्दल काही तक्रार?" कागदांच्या आवाजात, पुढच्या केसच्या पुकाऱ्यात तो प्रश्न दोन सेकंदांत होऊन जातो. शेजारी हातकडीचा दोर धरलेला हवालदार. उभा असलेला माणूस हवालदाराकडं बघतो आणि मान हलवतो. 'तक्रार नाही' अशी नोंद होते. त्या दोन सेकंदांत बोलायचं असतं. मारलं असेल तर मारलं, औषध चालू असेल तर औषध, वकील नसेल तर 'वकील पाहिजे' एवढे दोन शब्द. २०१७ च्या नोव्हेंबरात आपल्या सांगलीत पोलीस कोठडीत अनिकेत कोथळेचा जीव गेला, आणि आंबोलीच्या घाटात त्याचं प्रेत जाळलं गेलं, हे इथल्या कुणाला सांगायला नको. साध्या लुटीच्या आरोपातला पोरगा होता तो. ते आठवलं की पोटात कालवतं, आणि त्या मान हलवणाऱ्याला ओरडून सांगावंसं वाटतं, बोल, आत्ता बोल.

वकिलाला पैसे नाहीत ही अडचण खरी, पण तिला वाट आहे. जिल्हा कोर्टातच विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. बाई असेल, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती असेल, कोठडीत असेल, तर उत्पन्न किती हे न बघता फुकट वकील मिळतो. १५१०० वर फोन करूनही चौकशी करता येते. लोक म्हणतात फुकटचा वकील काय लढणार. काही खरंच लढत नाहीत. पण यातले तरुण वकील रात्री आठपर्यंत माझ्याकडं अर्ज टाईप करून घेतात, तेही मी पाहते.

याच भीतीवर आता फोनवरचे चोर जगतात. माझ्या ओळखीच्या निवृत्त गुरुजींना खाकी कपड्यातल्या माणसाचा व्हिडिओ कॉल आला, 'तुमच्या आधारवर गुन्हा आहे, तुम्हाला डिजिटल अटक केलीय, कुणाला सांगू नका.' अशी अटक कुठल्याही कायद्यात नाही. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला कळवायचं. गुरुजी दोन दिवस खोलीत दार लावून बसले, सुनेलाही बोलले नाहीत. आयुष्यभर चारचौघांत ताठ राहिलेल्या माणसाला आळ नुसता ऐकूही येऊ द्यायचा नव्हता.

भरतीच्या प्रश्नाचं उत्तर बाईंनी पोराला सरळ दिलं. अर्जात, साक्षांकन नमुन्यात, गुन्हा दाखल आहे का असं विचारलं की 'होय' लिहायचं, नंबर लिहायचा, प्रकरण कुठल्या टप्प्यावर आहे ते लिहायचं. लपवलं आणि पडताळणीत सापडलं, तर गुन्ह्यातून सुटूनही नोकरी जाऊ शकते. तो 'होय' लिहिताना त्याचा हात थांबला होता. प्रकरण अजून चालू आहे. पहाटे पळायला जातो असं म्हणाला.

कोर्टाचा निकाल लागला तरी गल्लीचा लागत नाही, आणि याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. अटकेची बातमी फोटोसकट फिरते. चार-पाच वर्षांनी निर्दोष सुटल्याची बातमी कुणी फॉरवर्ड करत नाही. माझ्याकडं एक बाई यायच्या, धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या. एका घरातल्या पाटल्या गेल्या आणि आळ यांच्यावर आला. त्या राहतात त्या वस्तीचं नाव ऐकूनच अर्ध्या लोकांनी निकाल देऊन टाकला होता. फुकटच्या वकिलानंच केस लढवली आणि त्या निर्दोष सुटल्या. निकालाची शिक्क्याची नक्कल घेऊन त्या थेट दुकानात आल्या. लॅमिनेशन करून पाहिजे होतं, नव्या घरी कामाला जाताना दाखवायला. मी म्हटलं, "मावशी, निर्दोष सुटलेल्या माणसाला दाखला कशाला लागतो? आम्ही कुठं घेऊन फिरतो?" त्या म्हणाल्या, "तुमाला न्हाई लागत ताई. आमाला इचारत्यात." मी नक्कल मशीनमधून काढून दिली. पैसे नको म्हटलं तर ऐकेनात, गल्ल्यावर ठेवून गेल्या.